अनंताची पिवळी पानं

प्रिय ठकू,

तुझं चार पानी पत्र मिळालं. फोनवर विचारलं की तू ‘सगळं ठीक’ म्हणतेस आणि खरं काय ते कागदावर लिहितेस, तेसुद्धा झाडांच्या आडून. पहिली अडीच पानं नुसती अनंताच्या कुंडीवर. पानं पिवळी पडताहेत पण शिरा हिरव्याच आहेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतात, मातीवर पांढरा थर धरतो, तर ही कोणती कीड आणि तिच्यावर काय मारू? मग अर्धं पान किरकोळ कुरकुर: नळाचं पाणी जड आहे, शेजारचा कुत्रा भुंकत राहतो, खायचा सोडा आणला की संपतो, जावईबापूंच्या इस्पितळातल्या पाळ्या सारख्या बदलतात. मग छोटी. लग्नाला वर्ष होत आलं तरी त्यांची ही पहिल्या बायकोपासूनची लेक तुझ्याशी एक शब्द बोलत नाही, तू टेबलाशी बसलीस की ताट उचलून आपल्या खोलीत जाते. आणि अगदी शेवटी, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात: मी मोठी बॅग घेऊन तिकडे आले तर चालेल का, माझी खोली रिकामी आहे ना? अगं, ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली रीत! मोठी बॅग म्हणजे काय, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. तू ते घर सोडायचं म्हणते आहेस.

त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी झाडांचं. तू ज्या क्रमाने विचारलंस त्याच क्रमाने सांगते, म्हणजे माझंही भांडं जरा वेळ पदराआड राहील. इथून तीन झाडं नेलीस, कॅमेलिया, अझेलिया आणि अनंत. तिघंही आंबट मातीचे भोक्ते. त्यांना चुना नको, चुलीतली राख नको, अंड्याची टरफलं नकोत. चहाचा चोथा चालेल, पण साखर धुऊन, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरेल. वरून सुरूच्या वाळक्या सुयांचं पांघरूण घाल. जड पाण्याऐवजी पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवलंस तर उत्तम. मावा दिसला तर साबणाचं पातळ पाणी, तेही पानाच्या पाठीला, कारण किडी समोरून येत नाहीत. पांढरे पिठ्या ढेकूण असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पूस, कंटाळा करू नकोस. गोगलगायींसाठी ओली फळी जमिनीवर पालथी टाकून ठेव आणि सकाळी उलट, सगळ्या तिच्या पोटाला चिकटलेल्या सापडतील. झालं. एवढं तर तुला पाठ आहे, ठकू. माझ्या हाताखाली वाढलीस, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. मग मला का विचारलंस?

तुमच्या घराण्यात सरळ विचारायची पद्धतच नाही. तुझे बाबा तसेच. मी तेव्हा रोपवाटिकेत कामाला होते. आमच्या काचघराच्या छपराला दर उन्हाळ्यात चुन्याचा पातळ हात मारावा लागायचा, नाहीतर आतली कोवळी रोपं करपून जायची. त्या वर्षी जो रंगारी शिडी खांद्यावर टाकून आला, तो म्हणजे तुझे बाबा. कुंचा असा झटकायचे की खाली माझ्या बियांच्या तबकांवर पांढरे शिंतोडे. मी भांडले. ते शिडीवरूनच शांतपणे म्हणाले, “बाई, रोपं हलवता येतात, छप्पर हलवता येत नाही.” दुसऱ्या दिवशी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात माती. म्हणाले, माझ्या परसात काही लागत नाही, ही माती बघा. मी विचारलं, तिथे आपोआप काय उगवतं? म्हणाले, शेवाळं आणि आंबुशी. मग माती बघायचीही गरज नव्हती. जिथे शेवाळं आणि आंबुशी माजते तिथली माती आंबट, हे रोपवाटिकेत झाडलोट करणाऱ्यालाही कळतं. मी त्यांना एक अझेलिया दिली आणि मोकळी झाले. पण आठवडा जातोय न जातोय तोच स्वारी पुन्हा हजर. का, तर म्हणे मावा पडलाय. मी म्हटलं, एक फांदी घेऊन या. आणली. पानं आरशासारखी स्वच्छ! मग कोळी पडला, मग खवले कीड पडली, मग मुंग्या चढल्या. सगळ्या किडी त्या एका झाडावर आणि एकही दिसायची नाही. शेवटी माझ्या मैत्रिणीच म्हणाल्या, हा चुना लावणारा माणूस आहे, जपून राहा. मी जपून राहिले आणि लग्न केलं.

त्यांनी तुझ्याबद्दल सगळं आधीच सांगितलं होतं. आई गेलेली, मुलगी नऊ-दहा वर्षांची, हट्टी पण मनाने सोन्यासारखी. हट्टी आहेस ते पहिल्याच दिवशी दिसलं, सोन्याचं कळायला वेळ लागला. मी आले ती एक ट्रंक आणि एक कुंडी घेऊन. कुंडीत अनंत. माझ्या आईने लावलेल्या झाडाची फांदी, तीच माझी माहेरची सगळी इस्टेट. तू दारात उभी होतीस, हाताची घडी घालून. बाबांना विचारलंस, “ही रोपवाली किती दिवस राहणार?” ते बिचारे माझी ट्रंक उचलून आत पळाले. मी म्हटलं, झाड मुळं धरेपर्यंत. तू म्हणालीस, “आमच्या आईला झाडं आवडायची नाहीत. झाडांना किडे येतात.” खरंच येतात.

परसात मी अनंतासाठी जागा शोधली. स्वयंपाकघराच्या दारापासून दोन पावलांवर, सकाळचं कोवळं ऊन, दुपारी भिंतीची सावली. त्याला याहून चांगली जागा असूच शकत नव्हती. खड्डा घेतला, सुरूच्या सुया घातल्या, झाड लावलं. दोन महिने ते छान रुळलं. मग पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. तुझ्या पत्रात जसं आहे, अगदी तस्संच.

मी रोपवाटिकेत दिवसभर लोकांना शहाणपण शिकवायचे आणि माझ्याच परसात हे. दिव्याखाली अंधार! शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून बघायच्या आणि ‘अगं बाई’ एवढंच म्हणायच्या, ते शंभर टोमण्यांना भारी. मी पानं उलटी करकरून बघितली. साबणाचं पाणी मारलं. मुळाशी उकरून मुळं खाणारी हुमणी शोधली. मुंग्यांची वारुळं हुडकली. गोगलगायींवर तर माझा विशेष राग, कारण त्या कुंपणाजवळ कमी आणि माझ्या झाडावर जास्त सापडायच्या, जणू कुणी वेचून आणून सोडल्यासारख्या. सगळं केलं. साप म्हणून भुई थोपटणं चाललं होतं. आणि मग एका सकाळी मुळाशी पांढरा थर दिसला. बोटाने उचलला, चोळला, वास घेतला. ज्या बाईने रंगाऱ्याशी लग्न केलंय तिला चुन्याचा वास ओळखायला वेळ लागत नाही. त्याच संध्याकाळी तू अभ्यासाला बसलीस तेव्हा तुझ्या निळ्या फ्रॉकच्या खिशापाशी पांढरी बोटं उमटलेली दिसली. इवलीइवली, पाचही.

तुला काय वाटलं, मला कधीच कळलं नाही? ठकू, तू मोठी झालीस, लोकांचे डोळे तपासायला शिकलीस, चष्म्याच्या दुकानात खुर्चीवर बसवून भल्याभल्यांना अक्षरं वाचायला लावतेस. पण माझे डोळे तपासायचे राहूनच गेले. बाबांच्या पिंपातला चुना तू ओंजळीने आणून माझ्या अनंताला घालत होतीस, हे मला तेव्हापासून माहीत आहे. आजवर बोलले नाही. झाकली मूठ राहू दिली.

रागावले का? रागावले ना. झाड माझ्या आईचं होतं. दोन दिवस तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तू तर तेच मागत होतीस, त्यामुळे आपलं दोघींचं चांगलं पटलं. तिसऱ्या दिवशी तुझी बोटं बघितली. चुन्याने चामडी फाटली होती, पेन धरताना तू तोंड वेडंवाकडं करत होतीस, पण हूं का चूं नाही. तेव्हा माझा राग कुठे गेला मला कळलंच नाही. त्या रात्री मी बाबांना विचारलं, जिथे मी अनंत लावला तिथे आधी काय होतं? ते आपल्या नखांतला रंग काढत बसले. मग म्हणाले, “ठकूच्या आईचं स्टूल असायचं. न्हाऊन आली की तिथे उन्हात केस वाळवत बसायची. ही तिच्या पायाशी.” मला कुणी सांगितलं नव्हतं गं. मी ऊन बघितलं, सावली बघितली, माती बघितली. तिथे बसलेलं माणूस मला दिसणार कसं?

दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर अनंत मातीसकट उचलला आणि पार टोकाला, सुरूच्या झाडाखाली नेऊन लावला. आता ती जागा रिकामी ठेवावी, असं आधी मनात होतं. पण तुझा राग अजून संपलेला नव्हता, त्याला जायला कुठेतरी वाट हवी होती. तिथे काही नसतं तर तो तुलाच खाऊन बसला असता. म्हणून मी तिथे कोबी लावला. माती बघून झाड निवडायचं, हे मला रोपवाटिकेने शिकवलं होतं. तुझा राग बघून झाड निवडायचं, हे मी तुझ्याकडून शिकले. आपल्या आंबट मातीत कोबी कधी व्हायचा नाही, मुळांना गाठी यायच्या आणि रोप बसायचं. त्याला चुनाच हवा असतो. बाबांना मी सांगितलं, चुन्याच्या पिंपाचं झाकण आजपासून घट्ट, ठोकून बसवा. आणि नळाजवळच्या खालच्या फळीवर, पोरीचा हात पोचेल असा, चुनखडीच्या पुडीचा डबा ठेवला. ती दिसते चुन्यासारखीच पांढरी, पण हाताला पोळत नाही. मलमाची डबीही बाबांच्या हातात दिली, म्हटलं रोज झोपताना तिच्या बोटांना लावा, माझं नाव काढू नका. ते डबीकडे बघत म्हणाले, “म्हणजे मला यातलं काहीच कळलेलं नाही, असंच ना?” मी म्हटलं, अगदी काहीच नाही. तो माणूस शेवटपर्यंत शब्दाला जागला.

मग काय विचारतेस! तू घालतेस पूड, कोबी होतो जाड. तू आणखी घालतेस, तो आणखी फुगतो. खिडकीतून मी तुझं तोंड बघायचे, कोबीकडे अशी रोखून बघायचीस जणू तो मुद्दाम करतोय. शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, इतकी वर्षं इथे राहते, या परसात असा गड्डा कधी बघितला नाही, हाताला गुण आहे हो तुमच्या! मी मान डोलावली. गुण कुणाच्या हाताला होता ते सांगण्याची सोय नव्हती. भांडी घासताना एकटीच हसायचे आणि बाबा आतून विचारायचे, काय झालं? काही नाही, म्हणायचे, साबण डोळ्यात गेला.

आणि मग ती सकाळ. मी पाणी भरायला बाहेर आले तर तू कोबीपाशी उकिडवी बसलेली, शाळेचे बूट चिखलात, हातात पाण्याचा डबा. मला वाटलं, आता गोगलगायींची नवी फौज सोडते आहेस. पण तू पानं उलटून हिरव्या अळ्या वेचत होतीस आणि एकेक पाण्यात टाकत होतीस. नाक मुरडत, ओठ घट्ट मिटून. ज्या कोबीला मारायला निघाली होतीस त्याला अळ्या खाताहेत हे तुला सहन झालं नाही. मी हालले नाही, कळशी तशीच कमरेवर. तू मान वर न करता विचारलंस, “या अळ्यांना काय आवडत नाही?” घरात आल्यापासून तू मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी शेजारी बसले आणि सांगितलं, त्यांना कुणी रोज बघायला आलेलं आवडत नाही. तू म्हणालीस, “मग मी रोज बघीन.” मी आत जाऊन रडले. ते साबणाने नव्हतं.

त्यानंतर तुझी पूड कमी कमी होत गेली. एक दिवस डबा भरलेला तसाच राहिला आणि मी तो उचलून माळ्यावर टाकला. तू मला आई कधी म्हणाली नाहीस. रोपवालीची रोपू झाली, आणि ते मला पुरलं. खरं सांगते, पुरलं. ते नाव तुझ्या आईचं होतं, मला माझं स्वतःचं मिळालं.

आता बाबा नाहीत. शिडी अजून मागच्या भिंतीला टेकून आहे, तिच्यावर मधुमालती चढवली आहे. तू लग्न होऊन गेलीस त्यानंतर घरात भांडं पडलं तरी दचकायला होतं. त्यामुळे तुझं ते समासातलं वाक्य मी कितीदा वाचलं, ते विचारू नकोस. माझ्या मनासारखं म्हणशील तर उद्याच ये. चादर बदलून ठेवली, खिडकीतल्या बियांच्या कुंड्या हलवल्या, उशी उन्हात टाकली. मग तुझी पहिली अडीच पानं पुन्हा वाचली आणि खाली बसले. जे लिहायचं ते लिहायला मन होत नव्हतं, कारण ते लिहिलं की तू येणार नाहीस.

तर ऐक. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे, पण चुकत असेन असं वाटत नाही. ती कीड नाही. जड पाण्याचा दोष असता तर तिन्ही कुंड्यांत थर दिसला असता. तुझी कॅमेलिया आणि अझेलिया मजेत आहेत. पांढरा थर फक्त अनंताला, आणि घरात खायचा सोडा आणला की संपतो. लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाई, जरा स्वतःच्या घरात बघा! सगळ्या जगात तुला एकटीलाच हे आधी सुचायला हवं होतं. छोटीला एक शब्दही विचारू नकोस. आधी तिच्या बाबांना विचार, तू कुंडी ठेवलीस त्या कोपऱ्यात पूर्वी कोण बसायचं. मग अनंत उचल, मुळं स्वच्छ धू, नव्या आंबट मातीत दुसरीकडे लाव. या झाडाच्या आईने, म्हणजे माझ्या सुरूखालच्या अनंताने, यापेक्षा वाईट दिवस बघितलेत, ते जगेल. जुनी कुंडी मात्र त्याच जागी राहू दे, आणि तिच्यात सोबत पाठवलेलं बीटाचं बी पेर. कोबी नको, सोडा खारट असतो, कोबीला सोसणार नाही. बीटाला खारट चालतं. सोड्याचा डबा खालच्या फळीवर ठेव, तिचा हात पोचेल असा, आणि कधी रिकामा होऊ देऊ नकोस. तुझी खोली रिकामी आहे का, विचारलंस. आहे, आणि राहील. पण मोठी बॅग नको, सुट्टीत तिघं मिळून या. आणि त्याआधी एखाद्या सकाळी ती बीटाची पानं उलटी करून बघताना दिसली, तर लगेच जवळ जाऊ नकोस. कळशी कमरेवर तशीच धरून उभी राहा. ती काहीतरी विचारेल.

तुझीच,
रोपू